अँटिऑक्सिडंट प्रयोगशाळेच्या डिशमध्ये चालतं आणि माणसात आपटतं, असं का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडची एक मुलगी, एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्टसाठी टाकळ्याच्या पानांचा अर्क काढला, डीपीपीएच टेस्टमध्ये (अर्क टेस्ट ट्यूबमधला रंगीत रॅडिकल किती पकडतो ते बघणारी) झकास रिझल्ट आला, गाईड म्हणतात पेपर होईल. हिने वाचायला घेतलं तर दिसलं की मोठमोठ्या ट्रायल्समध्ये अँटिऑक्सिडंट फेल गेलेत, काहींत तर नुकसान झालंय. मग एनआरएफ-२, म्हणजे पेशीतली संरक्षक जीन्स चालू करणारं प्रोटीन, त्यावर चालणारी औषधं वेगळी का मानतात? आणि शेवटी घरचा प्रश्न, बाबांना डायबेटिस आहे, क्रिएटिनिन जरा वर आहे म्हणजे किडनी थोडी कमी काम करतेय, सिगारेट सोडून काही वर्षं झालीत, मेडिकलवाल्याने दिलेली अँटिऑक्सिडंट कॅप्सूल रोज घेतात, ती चालू ठेवायची का?

बाबांचं आधी घेते, पेपर थांबू शकतो. त्या कॅप्सूलची स्ट्रिप उलटी कर आणि मागचं बारीक अक्षरातलं वाच. आपल्याकडे या नावाने जे मिळतं त्यात बीटा-कॅरोटीन, लायकोपीन, व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम, झिंक असलं काय काय एकत्र असतं, कंपनीगणिक प्रमाण वेगळं. तुला आधी शोधायचंय ते बीटा-कॅरोटीन. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं दिसत होतं, म्हणून फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर ट्रायल केली, काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. लोकांना वाटलं योगायोग असेल. मग अमेरिकेतली दुसरी ट्रायल, १८,३१४ माणसं, बीटा-कॅरोटीनसोबत व्हिटॅमिन ए, ती जानेवारी १९९६ मध्ये ठरलेल्या वेळेच्या २१ महिने आधी बंद करावी लागली कारण फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्के जास्त आणि एकूण मृत्यू १७ टक्के जास्त. म्हणजे योगायोग नव्हता. आता तू म्हणशील बाबांनी तर सोडलीय. पण २०१३ मध्ये डोळ्यांच्या मॅक्युलर डिजनरेशनवर (वयाने पडद्याचा मधला भाग झिजतो त्या आजारावर) जी मोठी ट्रायल आली त्यात चालू स्मोकर्सना बीटा-कॅरोटीन दिलंच नव्हतं, तरी बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या गटात फुप्फुसाचे कॅन्सर जास्त निघाले आणि त्यातले बहुतेक पेशंट सिगारेट सोडलेले होते. तेव्हापासून डोळ्यांच्या त्या फॉर्म्युल्यात त्याच्या जागी ल्युटिन आणि झियाझँथिन घालतात.

त्यामुळे स्ट्रिपवर बीटा-कॅरोटीन असेल तर बाबांनी ती कॅप्सूल घेण्याचं मला एकही कारण दिसत नाही. व्हिटॅमिन सी ५०० किंवा १००० मिलिग्रॅमचं असेल तर किडनीवाल्या माणसाला तेही नको, जास्तीचं सी शरीरात ऑक्सलेट होतं आणि ते किडनीलाच बाहेर टाकावं लागतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्त डोसचं व्हिटॅमिन ई पण डॉक्टरला विचारूनच. स्ट्रिप घेऊन नेफ्रॉलॉजिस्टकडे जा, मेडिकलवाल्याकडे नको, त्याला ती विकायचीय. आणि हो, डॉक्टरांनी लिहून दिलेली कुठलीही गोळी माझं हे वाचून बंद करू नका. गाजर, पालक, आवळा याबद्दल मी काही म्हणत नाहीये, ते खाऊ दे, फक्त क्रिएटिनिनमुळे पोटॅशियमचं काही पथ्य सांगितलं असेल तर तेवढं सांभाळून.

आता मूळ मुद्दा. सगळा गोंधळ एका चित्रामुळे झालाय, ते म्हणजे फ्री रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेला, सहसा लगेच रिॲक्ट होणारा रेणू) ही घाण आणि अँटिऑक्सिडंट हा झाडू. डेनहॅम हार्मनने १९५६ मध्ये म्हातारपण फ्री रॅडिकल्समुळे येतं अशी थिअरी मांडली, १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविचनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज एन्झाइम ओळखून दाखवलं, म्हणजे पेशीकडे सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा रॅडिकल संपवायची स्वतःची यंत्रणा आहे हे कळलं, आणि मार्केटिंगवाल्यांनी यातलं पहिलं अर्धं उचललं. दुसरं अर्धं, की पेशी हे काम स्वतः करते आणि जबरदस्त वेगाने करते, ते कोणी सांगितलंच नाही.

वेग म्हणजे किती ते बघ. पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालं की त्याला पकडणारी पेरॉक्सिरेडॉक्सिन नावाची प्रोटीन्स असतात, त्यांची रिॲक्शन ही साध्या ग्लुटाथायोनची (पेशीचा स्वतःचा अँटिऑक्सिडंट) किंवा बाहेरून दिलेल्या एन-एसिटाइलसिस्टीनची (ग्लुटाथायोन बनवायला सिस्टीन पुरवणारं औषध) थेट पेरॉक्साइडशी होणारी रिॲक्शन जेवढी आहे त्याच्या काही लाख ते कोटी पट फास्ट असते. मुंबईत हिंदमाताला पाणी तुंबलंय, पंप धडधडतायत, आणि आपण फुटपाथवर उभं राहून मगाने पाणी उपसतोय, बाहेरून खाल्लेल्या स्कॅव्हेंजरची, म्हणजे रॅडिकल पकडणाऱ्या रेणूची, पेशीत तेवढीच किंमत. हायड्रॉक्सिल रॅडिकलचं तर अजून गमतीचं आहे, तो इतका आततायी आहे की शेजारी जे सापडेल त्याला धरतो, निवड वगैरे काही करत नाही. रक्तात व्हिटॅमिन सी साधारण ५० ते ८० मायक्रोमोलर असतं आणि गोळ्या कितीही खाल्ल्या तरी तोंडावाटे त्याच्या फार वर जात नाही, बाकी लघवीतून जातं. ग्लुकोज मात्र नॉर्मल माणसात ५,००० मायक्रोमोलरच्या आसपास. म्हणजे हायड्रॉक्सिल रॅडिकल पकडायच्या शर्यतीत सीपेक्षा साखरच पुढे, या न्यायाने तुझ्या बाबांची वाढलेली शुगर हा उत्तम अँटिऑक्सिडंट झाला! म्हणून "रॅडिकल पकडतो" एवढ्यावर कुठलंही औषध उभं राहत नाही.

आणि सगळे ऑक्सिडंट पकडून टाकावेत हेच मुळात बरोबर नाही. हेल्मुट सीसने १९८५ मध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही कल्पना मांडली आणि पुढे त्यानेच चांगला स्ट्रेस आणि वाईट स्ट्रेस असा फरक आग्रहाने सांगितला. पेशीच्या आत पेरॉक्साइड नॅनोमोलर पातळीवर कायम असतं आणि ते निरोप पोचवण्याचं काम करतं. तुझ्या घरचंच उदाहरण, इन्सुलिन रिसेप्टरला चिकटलं की पेशी मुद्दाम थोडं पेरॉक्साइड बनवते, ते पीटीपी-१बी नावाच्या फॉस्फटेजच्या (इन्सुलिनचा सिग्नल पुसणारं एन्झाइम) एका सिस्टीनला, म्हणजे गंधक असलेल्या अमिनो ॲसिडला, ऑक्सिडाइझ करून तात्पुरतं बंद करतं, आणि तो बंद झाल्यामुळे इन्सुलिनचा सिग्नल पुढे नीट जातो. हे पेरॉक्साइड पुसून टाकलं तर काय होईल? २००९ मध्ये जर्मनीतल्या रिस्टोच्या ग्रुपने तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, अर्ध्यांना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई दिलं. व्यायामाने इन्सुलिन सेन्सिटिव्हिटी सुधारते ती व्हिटॅमिन न घेणाऱ्यांत सुधारली, घेणाऱ्यांत सुधारली नाही. छोटा अभ्यास आहे, नंतरच्या सगळ्या अभ्यासांत सगळं तसंच निघालं असंही नाही, पण पार्कात चालून घरी आल्यावर मूठभर गोळ्या खाणाऱ्या प्रत्येक डायबेटिसवाल्याने एकदा तरी वाचावा. आणि ज्यांच्या पांढऱ्या पेशींना एनएडीपीएच ऑक्सिडेज या सुपरऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइममधल्या जन्मजात दोषामुळे सुपरऑक्साइड बनवताच येत नाही त्या मुलांना क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज होतो, साध्या जंतूंनी आणि बुरशीने ती पुन्हा पुन्हा आजारी पडतात. ऑक्सिडंट ही नुसती घाण असती तर ही मुलं सगळ्यात निरोगी असायला हवी होती ना.

आता एनआरएफ-२. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण वायव्हाला हेच विचारतात आणि मुलं "अँटिऑक्सिडंट जीन्स ऑन करतो" एवढं पाठ करून येतात. एनआरएफ-२ हे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर (जीन्स चालू करणारं प्रोटीन) पेशी सतत बनवत असते आणि सतत फेकूनही देत असते, अर्धायुष्य साधारण वीस मिनिटं. फेकायचं काम कीप-१ नावाचं प्रोटीन करतं, ते एनआरएफ-२ ला धरून क्युलिन-३ च्या कॉम्प्लेक्सकडे देतं, युबिक्विटिन हे 'फेकून द्या'चं लेबल लागतं, प्रोटिएसोम या पेशीतल्या कचरा-यंत्रात खेळ खलास. वरवर बघता शुद्ध वाया घालवणं, पण याचा फायदा असा की गरज पडली की नवीन बनवायची वाट बघावी लागत नाही, फक्त फेकणं थांबवायचं. कीप-१ वर बरीच सिस्टीन्स आहेत, त्यातलं १५१ नंबरचं प्रसिद्ध. कुठला इलेक्ट्रोफाइल (इलेक्ट्रॉन ओढून घेणारा, सिस्टीनला चिकटणारा रेणू) किंवा ऑक्सिडंट येऊन त्यांना चिकटला की कीप-१ धरतं पण पुढे ढकलू शकत नाही, ते तिथेच अडकून पडतं, मग नव्याने बनलेलं एनआरएफ-२ मोकळं न्यूक्लियसमध्ये जातं आणि शेकडो जीन्सच्या पुढचा एआरई हा स्विचसारखा डीएनएचा भाग पकडतं. त्यातून ग्लुटाथायोन बनवणारी एन्झाइम्स येतात, हीम ऑक्सिजनेज-१ आणि एनक्यूओ-१ ही संरक्षक एन्झाइम्स येतात, ग्लुटाथायोन परत कामाला लावणारं एनएडीपीएच बनवणारी येतात.

यातली खरी गोम बघ, जो रेणू हे चालू करतो तो स्वतः अँटिऑक्सिडंट नसतो, तो पेशीला चिमटा काढणारा असतो. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन, मोहरीचा झणका ज्याने येतो ते आयसोथायोसायनेट, हळदीतलं कर्क्युमिन, हे सगळे केमिस्ट्रीने इलेक्ट्रोफाइल आहेत. डायमिथाइल फ्युमरेट हे औषध दिलं की पेशीतलं ग्लुटाथायोन आधी खाली येतं आणि मग रिस्पॉन्समुळे वर जातं. म्हणून मी विद्यार्थ्यांना फक्त एकदाच मोजून थांबू देत नाही, दोन तासांनी मोजलंस तर लिहिशील औषध विषारी, चोवीस तासांनी मोजलंस तर लिहिशील औषध संरक्षक, दोन्ही खरं.

फ्युमरेटची गोष्ट मला आवडते कारण ती आरओएसच्या (ऑक्सिजनपासून बनणारे रॅडिकल आणि पेरॉक्साइड) थिअरीतून आलीच नाही. १९५९ मध्ये श्वेकेंडीक नावाच्या जर्मन केमिस्टने स्वतःच्या सोरायसिसवर फ्युमॅरिक ॲसिड वापरून बघितलं, १९९४ ला जर्मनीत सोरायसिससाठी फ्युमरेटची गोळी मंजूर झाली, २०१३ मध्ये अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी डायमिथाइल फ्युमरेट. आणि आजही त्याचा सगळा परिणाम एनआरएफ-२ मुळेच होतो असं कोणी छातीठोक म्हणत नाही, इम्यून पेशींवर त्याचे वेगळे रस्ते आहेत, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून ब्लड काउंट बघत राहावे लागतात.

आता दुसरी बाजू, आणि ही तुझ्या बाबांच्या आजाराशी जवळची आहे. बार्डोक्सोलोन मिथाइल, एनआरएफ-२ चालू करणारं अतिशय ताकदवान औषध. डायबेटिसने किडनी खराब झालेल्या पेशंटमध्ये ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते तो आकडा, चक्क वर गेला, असं सहसा होत नाही, सगळीकडे आनंदीआनंद. मग २,१८५ पेशंटची मोठी ट्रायल, स्टेज चारची किडनी, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली कारण हार्ट फेल्युअरने ॲडमिट झालेले किंवा दगावलेले औषधाच्या गटात ९६, प्लासिबोत (खोट्या गोळीच्या गटात) ५५. अंगात पाणी साठत होतं. डिशमध्ये पेशी वाचवणारा स्विच पूर्ण शरीरात दाबला की हृदय, किडनी, रक्तवाहिन्या सगळीकडे एकदम दाबला जातो हे तेव्हा फार महागात कळलं. त्याच घराण्यातलं ओमाव्हेलोक्सोलोन मात्र फ्रीडराइख अटॅक्सिया या दुर्मिळ आजारासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्या आजारात मायटोकॉन्ड्रियातलं लोहाचं गणित बिघडलेलं असतं आणि एनआरएफ-२ चा रिस्पॉन्सही दबलेला असतो, म्हणजे जिथे रिस्पॉन्स कमी पडतोय तिथे तो वाढवला. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातली विचारायची गोष्ट हीच, पेशीला नेमकं काय कमी पडतंय आणि कधी.

एन-एसिटाइलसिस्टीनकडे याच नजरेने बघ. पॅरासिटामॉल जास्त घेतलं की लिव्हरमध्ये एनएपीक्यूआय नावाचा विषारी पदार्थ तयार होतो, तो ग्लुटाथायोन संपवतो, आणि ते संपलं की लिव्हरच्या पेशी मरतात. पहिल्या आठ तासांत हे औषध दिलं तर लिव्हर जवळजवळ नेहमी वाचतं. काय कमी पडलं माहीत, कुठे पडलं माहीत, किती वेळ हातात आहे ते माहीत, आणि औषध सिस्टीन देतं, बाकी काम पेशी करते. तेच औषध अँजिओग्राफीच्या डायने किडनी खराब होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं सर्रास दिलं जायचं, २०१८ मध्ये सुमारे ५,००० पेशंटची ट्रायल आली, उपयोग शून्य. असंच स्ट्रोकमध्ये एनएक्सवाय-०५९ नावाच्या रॅडिकल पकडणाऱ्या औषधाचं झालं, २००६ ची पहिली ट्रायल पॉझिटिव्ह, २००७ च्या दुसऱ्या, दुप्पट मोठ्या ट्रायलमध्ये काही नाही. उंदराला स्ट्रोक आपण देतो, त्यामुळे औषध कधी द्यायचं ते आपल्या हातात असतं, माणूस ॲम्ब्युलन्समधून सायनच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असतो.

अगदी सगळंच फेल नाही हे पण सांगायला हवं. डायबेटिस नसलेल्या फॅटी लिव्हरच्या ठराविक पेशंटमध्ये रोज ८०० युनिट व्हिटॅमिन ईने बायोप्सी सुधारते, २०१० ची ट्रायल, ४३ टक्के विरुद्ध १९. पण तेच ई रोज ४०० युनिट निरोगी पुरुषांना प्रोस्टेट कॅन्सर टाळायला दिलं तेव्हा २०११ च्या निकालात कॅन्सर १७ टक्के जास्त. रेणू तोच, प्रश्न वेगळा.

कॅन्सरवरून एक, कारण टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या परळ भागात राहणाऱ्याला हे टाळताच येत नाही. ट्यूमरच्या पेशी कायम स्ट्रेसखाली असतात, त्यांना अँटिऑक्सिडंट यंत्रणा निरोगी पेशींपेक्षा जास्त हवी असते. फुप्फुसाच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये कीप-१ म्युटेशनने मोडलेलं सापडतं, म्हणजे एनआरएफ-२ कायमचं चालू. २०१४ मध्ये स्वीडनच्या ग्रुपने फुप्फुसाचा ट्यूमर असलेल्या उंदरांना एन-एसिटाइलसिस्टीन आणि व्हिटॅमिन ई दिलं तर ट्यूमर जोरात वाढले. केमो-रेडिएशन चालू असताना स्वतःच्या मनाने अँटिऑक्सिडंट घेऊ नका असं ऑन्कॉलॉजिस्ट सांगतात ते यासाठी. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत टाटाची "शंभर रुपयांची गोळी" व्हॉट्सॲपवर फिरत होती आठवतंय? डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचं काम, रेसव्हेराट्रॉल आणि तांबं. रेसव्हेराट्रॉल म्हणजे द्राक्षातलं सुप्रसिद्ध अँटिऑक्सिडंट, पण तांब्यासोबत ते ऑक्सिजन रॅडिकल बनवतं, आणि मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेले क्रोमॅटिनचे (डीएनए आणि प्रोटीनच्या गुंत्याचे) तुकडे त्या रॅडिकल्सनी मोडायचे अशी आयडिया. म्हणजे ही प्रो-ऑक्सिडंट गोळी आहे! आयडिया म्हणून मला इंटरेस्टिंग वाटते, पण गाजावाजा झाला तो मुख्यतः उंदरांवरच्या कामाचा, माणसांत मोठ्या रँडमाइझ्ड ट्रायल्सशिवाय कॅन्सर परत येणं थांबतं असं म्हणता येणार नाही. कोणीतरी मला विचारलं होतं की तांब्याच्या लोट्यातलं पाणी आणि द्राक्षं चालतील का. नाही चालणार.

आता तुझा टाकळा. डीपीपीएच म्हणजे मिथेनॉलमध्ये जांभळा स्थिर रॅडिकल, तुझ्या अर्काने त्याला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन दिला की तो पिवळा पडतो आणि ५१७ नॅनोमीटरवरचं रीडिंग खाली येतं. यातला एकही घटक पेशीत नसतो, ना तो रॅडिकल, ना मिथेनॉल. चहा, कोकम, जांभूळ, काहीही टाक, रंग जाईल. शिवाय पानाच्या अर्काला स्वतःचा हिरवा-पिवळा रंग असतो, तेव्हा डीपीपीएच न घालता फक्त अर्क आणि मिथेनॉलचा ब्लँक प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला वेगळा लावलाय का ते आधी बघ, अर्ध्या पेपरांत तो लावलेला नसतो. अमेरिकेच्या शेतीखात्याने पदार्थांच्या अशाच टेस्ट ट्यूबमधल्या अँटिऑक्सिडंट आकड्यांचा डेटाबेस २०१२ मध्ये वेबसाइटवरून काढून टाकला, कारण त्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नव्हता आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरत होत्या.

पेशींवर जायचं असेल तर गाईडना सांग की तीन कंट्रोल्सशिवाय एकही प्लेट लावायची नाही. पहिलं, प्लेटमधल्या पेशी नसलेल्या खळग्यात (वेलमध्ये) नुसतं मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं द्रावण, अधिक अर्क, आणि त्यात पेरॉक्साइड मोज. पॉलिफिनॉल आणि व्हिटॅमिन सी कल्चर मीडियममध्ये स्वतःच ऑक्सिडाइझ होऊन पेरॉक्साइड बनवतात, हॅलिवेल या शास्त्रज्ञाने हे कितीतरी वेळा दाखवलंय, तेव्हा तुझ्या अर्काने एनआरएफ-२ चालू झालं तर ते अर्काने की मीडियममधल्या पेरॉक्साइडने, हे कळायला हवं. दुसरं, मीडियममध्ये कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घालून तेच परत करणं, परिणाम गायब झाला तर उत्तर मिळालं. तिसरं एन-एसिटाइलसिस्टीनसाठी, ते पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लावशीलच, पण ते आम्लधर्मी आहे, पाच-दहा मिलिमोलर तसंच ओतलंस तर मीडियमचा गुलाबी रंग बघता बघता पिवळा होतो, मग तू जे मोजतेस तो पीएचचा परिणाम. आधी सोडियम हायड्रॉक्साइडने ७.४ ला आण, मग फिल्टर कर, मग घाल.

डीसीएफडीए या आरओएस दाखवणाऱ्या चमकत्या डायवर फार विसंबू नकोस. हिरवं चमकलं म्हणजे आरओएस वाढलं असं थेट नसतं, तो डाय पेरॉक्साइडशी सरळ रिॲक्ट होतच नाही, मध्ये लोह किंवा पेरॉक्सिडेज लागतं, पेशी मरताना सायटोक्रोम सी बाहेर आलं तरी चमकतो, प्लेट उजेडात राहिली तरी चमकतो. त्यापेक्षा एनक्यूओ-१ आणि हीम ऑक्सिजनेज-१ चं क्यूपीसीआर (जीन किती चालू आहे ते मोजणारी टेस्ट) दोन-तीन वेळांना कर, ग्लुटाथायोन दोन तास आणि चोवीस तासांना मोज, आणि जमलं तर एनआरएफ-२ सायलेन्स करून, म्हणजे त्याचं जीन दाबून, परिणाम जातो का बघ. सायलेन्सिंगचा खर्च डिपार्टमेंटला झेपणार नसेल तर निदान पहिली दोन कंट्रोल्स लाव, कॅटालेजची एक छोटी बाटली तुझ्या अख्ख्या प्रोजेक्टला पुरून उरेल आणि पेपर तपासणारा रेफरी पहिला प्रश्न तोच विचारणार आहे.